नाशिकमध्ये व्यसनमुक्तीचे उपचार: आधी कुठे जायचं, केंद्राला काय विचारायचं आणि पैशांची सोय कशी लावायची

घरातला माणूस एकदाचा "सोडतो" म्हणाला, की घरात धावपळ सुरू होते. मोबाइलवर "नाशिक व्यसनमुक्ती केंद्र" शोधलं जातं, वरचा पहिला नंबर लावला जातो, पलीकडून आवाज येतो, "ताई, फक्त पत्ता सांगा, आमची गाडी येऊन घेऊन जाईल." दुपारपर्यंत ॲडव्हान्स गेलेला असतो. केंद्र कोण चालवतं, तिथे डॉक्टर आहे का, महिन्याच्या पैशांत काय काय येतं, हे सगळं नंतर कळतं. हा लेख त्या पहिल्या फोनच्या आधी वाचावा म्हणून लिहिला आहे. कामासाठी सातपूर-अंबडला नव्याने आलेली कुटुंबं आणि मालेगाव, सुरगाणा, पेठहून पेशंटला शहरात घेऊन येणारे नातेवाईक माझ्या डोळ्यासमोर आहेत.

दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा, केंद्राचा विचार त्यानंतर. आणि हातात जितके पैसे असतील ते सगळे पहिल्याच महिन्यात घालवायचे नाहीत. खरा उपचार पेशंट घरी परतल्यावर पुढे वर्षभर चालतो, आणि नेमके तेव्हाच पैसे संपलेले असतात.

सगळ्यात आधी: नशा एकदम बंद करणं धोक्याचं आहे का ते बघा

रोज भरपूर दारू पिणाऱ्याला घरी कोंडून ठेवून दारू तोडू नका. शेवटच्या पेगनंतर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन-तीन दिवसांनी काहींना भास होऊ लागतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. याआधी दारू सोडताना फिट आली असेल, तर या वेळी दवाखान्यातच सोडायची.

झोपेच्या किंवा भीती घालवण्याच्या गोळ्यांचंही तसंच आहे. मालेगावकडे "कुत्ता गोळी" म्हणून जी विकली जाते ती अल्प्राझोलम. ती अचानक थांबवली तरी फिट येते, म्हणून डॉक्टर ती हळूहळू उतरवत नेतात.

ब्राउन शुगर आणि अफूच्या जातीच्या नशेचा धोका वेगळा. सोडताना अंगदुखी, उलट्या, जुलाब यांनी माणूस हैराण होतो, पण सहसा जीव जात नाही. जीव जातो तो नंतर. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि माणूस बाहेर येऊन जुनाच डोस घेतो. हे पेशंटला आणि घरच्यांना कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. बऱ्याचदा कोणीच सांगत नाही.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, रसायनांपासून बनवलेली उत्तेजक नशा. नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात ऑक्टोबर २०२३ मध्ये पोलिसांनी त्याचा कारखाना पकडला, तेव्हापासून हा शब्द इथे घरोघरी माहीत झाला. एमडी सोडताना खूप उदास वाटतं, संशय येत राहतो, आत्महत्येचे विचार येतात. अशा मुलाला पहिले काही दिवस एकटं सोडू नका.

फिट, भास, बेशुद्धी किंवा रक्ताची उलटी यांतलं काहीही दिसलं, तर केंद्राला फोन करत बसू नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते.

पहिली भेट: सिव्हिल

त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडवरून रिक्षाने अगदी जवळ आहे. तिथे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, केस पेपर काढा आणि काउंटरवर "मानसोपचार ओपीडी" एवढंच सांगा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आधार कार्डावर गावाकडचा पत्ता आहे म्हणून बिचकू नका.

सिव्हिलमध्ये रांग असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो, हे खरं आहे. तरीही पहिली तपासणी तिथेच करा असंच मी सांगेन, कारण तिथल्या डॉक्टरांना तुम्हाला बेड विकायचा नसतो. दाखल करायची गरज आहे की नाही, हे त्यांच्याकडून जास्त मोकळेपणाने कळतं.

जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या: काय घेतो, रोज किती, किती वर्षांपासून, शेवटचं कधी घेतलं. आधी फिट आली असेल, कावीळ झाली असेल, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर तेही लिहा. पेशंट डॉक्टरांसमोर निम्मंच सांगतो, आणि घरचे भीतीपोटी दुप्पट सांगतात. कागदावर शांतपणे लिहिलेलं जास्त खरं असतं.

सिव्हिल लांब पडत असेल, तर आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घोटी-इगतपुरीकडच्या लोकांना धामणगावचं एसएमबीटी जवळ आहे. मालेगावकरांनी आधी तिथल्या सामान्य रुग्णालयात चौकशी करावी. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत खासगीपेक्षा खर्च बराच कमी येतो, पण तो विचारून घ्या, कारण वरचा "सगळं मोफत"चा नियम त्यांना लागू नाही.

घरातून निघायचंच जमत नसेल, पेशंट दार उघडत नसेल, तर फोनवरून सुरुवात करा. १४४४६ हा नशामुक्तीचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे. १४४१६ म्हणजे टेलिमानस, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. पेशंट स्वतः बोलायला तयार नसेल तरी आई, बायको किंवा भाऊ बोलू शकतात. तंबाखू-गुटख्यासाठी वेगळा नंबर आहे: १८००-११-२३५६.

दाखल करायलाच हवं का?

पुष्कळांना नको असतं. काम चालू आहे, घरात सांभाळणारं कोणी आहे, आधी फिट आलेली नाही, तर ओपीडीतून औषधं, आठवड्याला भेट आणि समुपदेशन यावर बरेच जण सोडतात. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत. यकृताची तपासणी करून कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. अफूच्या जातीच्या नशेसाठी बुप्रेनॉर्फिन आहे, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच मिळतं.

दाखल करायचं ते फिट किंवा भासांचा धोका असेल, यकृत किंवा मन फार बिघडलेलं असेल, घरातच रोज बाटली फुटत असेल, किंवा ओपीडीतून प्रयत्न करून जमलं नसेल तर. यातही दोन टप्पे आहेत आणि ते वेगळे ओळखायला शिका. पहिले काही दिवस शरीरातली नशा उतरवण्याचे. ते रुग्णालयातच व्हावेत, सलाईन, व्हिटॅमिन बी-१ ची इंजेक्शनं आणि फिट रोखणाऱ्या औषधांसह. त्यानंतरचा निवासी मुक्काम हा मनाच्या आणि सवयींच्या उपचाराचा. व्यसनमुक्ती केंद्राचं काम तिथून सुरू होतं. थरथरत्या पेशंटला डॉक्टर नसलेल्या केंद्रात थेट नेऊन सोडणं ही मला यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट वाटते.

केंद्र बघायला स्वतः जा

फोनवर ठरवू नका. ॲडव्हान्स भरायच्या आधी घरातलं एक माणूस तिथे जाऊन आलंच पाहिजे. गेल्यावर पुढच्या गोष्टी विचारा, आणि उत्तर देताना समोरचा चिडला तर त्याच गाडीने परत या.

नोंदणी दाखवा म्हणा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून आलेले मानसिक विकार मानसिक आजारातच मोडतात, आणि अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ट्रस्टचं प्रमाणपत्र, शॉप ॲक्टचा परवाना, भिंतीवरचे सत्काराचे फोटो हे त्याऐवजी चालत नाहीत.

मानसोपचारतज्ज्ञ कोण, कोणत्या वारी येतात, रात्री दोनला फिट आली तर पेशंटला कुठे नेता, हे विचारा. "आमचे डॉक्टर फोनवर असतात" हे उत्तर पुरेसं नाही.

पेशंटची मर्जी नसेल तर कसं दाखल करता, हा प्रश्न मुद्दाम विचारा. गाडी पाठवून चार माणसांनी उचलून आणायचं, याला कायद्यात जागा नाही. पेशंट स्वतःचा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तरच त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (कायद्याने त्याच्या वतीने बोलू शकणाऱ्या माणसाच्या) अर्जावर दाखल करता येतं. त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, अशा दोघांनी त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. ही मुदत ३० दिवसांपर्यंतची. "सहा महिन्यांचं पॅकेज, मध्ये सोडणार नाही" असं कोणी म्हणत असेल, तर तो कायद्याबाहेर बोलतोय. पेशंट स्वतःहून दाखल झाला असेल तर तो स्वतःहून जाऊ शकतो. फार तर तपासणीसाठी त्याला २४ तास थांबवता येतं.

आत गेल्यावर फोन करू देता का, भेटायला कधी यायचं, हेही विचारा. पेशंटला साखळी लावणं, जबरदस्तीने टक्कल करणं, मोबदला न देता राबवून घेणं, या सगळ्याला हा कायदा मनाई करतो. "पहिला महिना कोणी भेटायचं नाही" असा नियम सांगणाऱ्या ठिकाणी माझ्या घरचं माणूस मी ठेवणार नाही. स्वयंपाकघर आणि संडास बघा. जमलं तर दाखल असलेल्या दोघा-तिघांशी बोला, कर्मचारी जवळ नसताना.

बाईसाठी केंद्र शोधताना राहण्याची सोय वेगळी आहे का, स्त्री कर्मचारी रात्री असतात का, हे बघा. अठरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांबरोबर ठेवता येत नाही. सोल्यूशन हुंगणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या वॉर्डात टाकणं म्हणजे त्याला नव्या नशांची ओळख करून देणं. त्याला मानसोपचार ओपीडीतच न्या.

पैसे: मोफत ते खासगी

केंद्र सरकारचं सामाजिक न्याय खातं काही संस्थांना व्यसनमुक्ती केंद्र चालवायला अनुदान देतं. तिथे उपचार मोफत किंवा नाममात्र पैशांत होतात. जवळचं असं केंद्र कोणतं आणि त्यात आता बेड आहे का, हे १४४४६ वर विचारा. नाशिक-पुणे रोडला नासर्डी पुलाजवळ सामाजिक न्याय भवन आहे, तिथल्या समाजकल्याण कार्यालयातही अनुदानित संस्थांची चौकशी करता येते. पुण्याच्या येरवड्यातलं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे. नाशिकहून लोक तिथेही जातात. पण पाठपुराव्याला दर वेळी पुणं गाठणं परवडेल का, याचा विचार आधी करा.

कारखान्यात पगारातून ईएसआय (कामगार विम्याची वर्गणी) कापलं जात असेल तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयापासून सुरुवात करा. डॉक्टरांनी कामावर जाण्यास असमर्थ असल्याचा दाखला दिला, तर आजारपणाचा भत्ता सरासरी पगाराच्या ७० टक्के दराने, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतो. अट अशी, की आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. अंबडच्या अनेक कामगारांना याची कल्पनाच नसते. ते बिनपगारी रजा टाकतात आणि सुटी "गावाला जायचंय" म्हणून मागतात. एचएएल, सरकारी छापखाना (प्रेस), रेल्वे, लष्कर यांतल्या लोकांनी आणि निवृत्तांनी आपापल्या वैद्यकीय सोयीत आधी विचारावं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांतच. खासगी केंद्रातला महिनाभराचा मुक्काम त्यात बसेल असं धरून चालू नका. मात्र दारूमुळे स्वादुपिंड सुजलं, यकृत बिघडलं आणि मोठ्या रुग्णालयात दाखल करावं लागलं, तर दारातच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. योजनेचा फोन १५५३८८. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

खासगी आरोग्य विम्याबद्दल फार गैरसमज आहेत. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यायला सांगितलं आहे, हे बरोबर. पण विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणुकींत "एक्सक्लूजन १२" आहे: दारू, अमली पदार्थ किंवा कोणत्याही व्यसनावरचे उपचार आणि त्यांचे परिणाम. तुमच्या पॉलिसीत हे कलम असेल, तर व्यसनमुक्तीचा क्लेम बहुधा नाकारला जाईल. म्हणून दाखल करण्यापूर्वी पॉलिसीची प्रत काढून हे कलम शोधा आणि टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) ईमेलने विचारा, उत्तर लेखी मिळू द्या. कंपनीच्या गट विम्यात अटी कधी वेगळ्या असतात. पेशंटला नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजारही असेल तर त्याचं निदान कागदावर स्वतंत्र लिहिलेलं असावं. तसं खरंच असेल तर. नसलेलं लिहून घेऊ नका, क्लेम तर जातोच, पुढची पॉलिसीही अडचणीत येते.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळं-केशरी रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. बिल झाल्यावर भेटून उपयोग कमी, दाखल करतानाच सांगा.

आता खासगी केंद्र. फी महिन्याची सांगतात, पण तो आकडा पुरा नसतो. समजा महिन्याला १५,००० सांगितले. त्यात औषधं, रक्ततपासण्या, मानसोपचारतज्ज्ञाची भेट, कपडे धुणं, चहा-बिस्किटं, गाडीचं भाडं यांतलं काय धरलंय आणि काय वेगळं, हे कागदावर लिहून मागा. पेशंट दहाव्या दिवशी निघाला तर किती परत मिळतील, हेही त्याच कागदावर. पैसे ऑनलाइन किंवा चेकने भरा, प्रत्येक वेळी पावती घ्या. तीन महिन्यांचे एकदम भरले तर सूट, हे आमिष नाकारा.

दागिने मोडण्याआधी किंवा पतसंस्थेचं कर्ज काढण्याआधी हा हिशेब मांडा: हातात ४०,००० असतील, तर निम्म्याहून जास्त दाखल करण्यावर घालू नका. उरलेल्यांतून वर्षभराच्या गोळ्या, दर पंधरा दिवसांनी डॉक्टरकडे जाण्याचं भाडं आणि खाडा, अधूनमधून यकृताची तपासणी, समुपदेशकाची फी भागवायची. औषधं जन औषधी दुकानात मिळतात का ते डॉक्टरांना विचारून घ्या.

चहात टाकायची पावडर

"पेशंटला न सांगता दारू सोडवा" अशा पाट्या रिक्षांच्या मागे आणि स्टँडच्या भिंतींवर दिसतात. कोणतंही औषध न सांगता देऊ नका. डायसल्फिराम नावाची गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर उलट्या होतात, छातीत धडधडतं, बीपी एकदम खाली येतं, मृत्यूही होऊ शकतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहतो. डॉक्टर ती पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने देतात. पुडीत काय आहे हे तर विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

पोलिसांची भीती

मुलाला एमडी किंवा गांजाचं व्यसन आहे आणि दवाखान्यात नेलं तर केस होईल, या भीतीने आईवडील महिने घालवतात. डॉक्टरकडे उपचाराला जाणं हा गुन्हा नाही. शिवाय अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. केस आधीच झाली असेल तर १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. पात्र असाल तर वकील मोफत मिळतो.

घरी आल्यावर

केंद्रातून सोडताना डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी, तपासण्यांचे रिपोर्ट मागून घ्या. आपली कागदपत्रं मागणं हा पेशंटचा हक्क आहे. डॉक्टरची पहिली भेट एका आठवड्याच्या आत ठरलेली असावी, केंद्रातून निघण्यापूर्वीच.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नसते, अर्ज नसतो, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शहरात सभा कुठे, कोणत्या संध्याकाळी भरते, हे मानसोपचार ओपीडीतल्या समुपदेशकाला विचारा. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या वेगळ्या सभा असतात. बायकोने तिथे जायला हवं असं मला फार वाटतं, कारण वर्षानुवर्षं तिची झोप कोणी विचारलेली नसते. घरात मारहाण होत असेल तर पेशंट सुधारेपर्यंत सहन करायचं असं नाही, १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि तातडीला ११२.

पगार काही महिने बायकोच्या किंवा आईच्या खात्यात जावा, हे पेशंटशी बोलून ठरवा, त्याच्या पाठीमागे करू नका. संध्याकाळी कामावरून सुटण्याची वेळ सगळ्यात अवघड. जुने मित्र कंपनीच्या गेटवरच उभे असतात. पहिले काही आठवडे कोणीतरी घ्यायला गेलं तर बरं.

आणि पुन्हा प्यायला, तर? तसं बऱ्याच जणांचं होतं. नव्या केंद्राचा शोध घेऊ नका, नवा ॲडव्हान्स भरू नका. तीच फाइल उचला, तोच केस पेपर घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओपीडीत जा. किती दिवस बंद होती, कशामुळे सुरू झाली, किती घेतली, गोळ्या कधी सुटल्या, हे डॉक्टरांना सांगा. बहुतेक वेळा औषध बदलून किंवा डोस वाढवून, दाखल न करताच पुढे जाता येतं.